स्वयंपाकघरातील वीज : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रे स्वयंपाकघरातील वीजजोडणीविषयीची आहेत, आणि त्याचे मला नवल वाटत नाही. इतर खोल्यांत दिवा आणि पंखा यांवर भागते; स्वयंपाकघरात मात्र चार हातांच्या अंतरात उष्णता निर्माण करणारी तीन-चार उपकरणे, वाहते पाणी, ओले हात आणि धातूची भांडी एकत्र येतात. खालचे सर्व हिशेब २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी केले आहेत. जिथे पुरवठा १२० व्होल्टचा असतो तिथे तेवढ्याच वॉटच्या उपकरणाला जवळजवळ दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून तिथे आकडे बदलतील, कारणे तीच राहतील.

प्रश्न : आमच्या ओट्यावरील एकाच बोर्डवर इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, विजेची किटली आणि टोस्टर अशी चार उपकरणे जोडलेली आहेत. सकाळच्या घाईत चारही एकदम चालू झाली की दहा-पंधरा मिनिटांत १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जादा झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. बोर्डपर्यंत आलेली वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची आहे. वायरमन म्हणतात की ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला की त्रास संपेल. तो बसवून घ्यावा का?

उत्तर : बसवू नका, आणि तुम्हाला न विचारता कोणी बसवला असेल तर तो काढून पूर्वीचाच लावून घ्या. तुमचा एमसीबी बिघडलेला नाही. नेमून दिलेले काम तो चोख करतो आहे. शेगडीचे २०००, मायक्रोवेव्हचे १२००, किटलीचे १५०० आणि टोस्टरचे ८०० वॉट धरले तर बेरीज ५५०० वॉट होते, आणि तिला २३० ने भागले की जवळजवळ २४ अँपिअर येतात, म्हणजे एमसीबीच्या क्षमतेच्या दीडपट. (मायक्रोवेव्हच्या खोक्यावर ठळकपणे छापलेले ८०० वॉट हे पदार्थाला मिळणाऱ्या उष्णतेचे असतात, भिंतीतून ते उपकरण १२०० वॉटच्या आसपास ओढते. म्हणून हिशेबासाठी मागच्या बाजूच्या पट्टीवरील इनपुटचा आकडाच घ्यावा.) इतका भार आला तरी एमसीबी लगेच का पडत नाही, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. शॉर्ट सर्किट झाले तर आतला विद्युतचुंबक क्षणार्धात संपर्क तोडतो. भार थोडासाच जादा असेल तर मात्र दोन धातूंची एक पट्टी हळूहळू तापते, वाकते आणि मग संपर्क तोडते. प्रचलित मानकानुसार क्षमतेच्या १.१३ पट प्रवाह एमसीबीने तासभर तरी न पडता सोसावा आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडावे अशी अपेक्षा असते. तुमची दहा-पंधरा मिनिटे या हिशेबात नीट बसतात.

एमसीबी नेमके कोणाचे रक्षण करतो, हे एकदा लक्षात आले की वायरमनच्या सल्ल्यातील धोका दिसू लागतो. तो रक्षण करतो भिंतीत पुरलेल्या वायरचे. तुमची २.५ चौरस मिलिमीटरची वायर, पाइपमध्ये इतर वायरींच्या सोबतीने असताना, साधारण २० अँपिअरच्या आसपासचा प्रवाह निर्धास्तपणे वाहू शकते. ३२ अँपिअरचा एमसीबी तिच्यातून ३६ अँपिअर तासभर वाहू देईल आणि तरीही त्याच्या परीने सारे ठीकच चाललेले असेल. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २० च्या जागी ३६ अँपिअर वाहू लागले तर उष्णता दुप्पटही नव्हे, सव्वातीन पट होते. घरगुती वायरीचे नेहमीचे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, पुढे कडक होऊन तडकते, आणि हे सगळे प्लास्टरच्या आड घडत असल्याने धूर दिसेपर्यंत घरातल्या कोणाला कळत नाही. वायरची जाडी वाढवल्याशिवाय एमसीबीचा आकडा वाढवायचा नसतो.

योग्य उपाय खर्चाचा आहे, पण तो एकदाच करावा लागतो. डीबीपासून (घरातील सगळे एमसीबी जिथे बसवलेले असतात त्या पेटीपासून) ओट्यापर्यंत आणखी एक, जमल्यास दोन स्वतंत्र सर्किटे ओढून घ्या. प्रत्येकाचे फेज (प्रवाह आणणारी वायर), न्यूट्रल (तो परत नेणारी) आणि अर्थ (गळती जमिनीत नेणारी) वेगळे, आणि प्रत्येकावर स्वतःचा १६ अँपिअरचा एमसीबी. शेगडी एका सर्किटवर एकटी राहू द्या आणि बाकीची तीन उपकरणे दुसऱ्या-तिसऱ्यावर वाटा. हे काम होईपर्यंत एका वेळी चालू असलेल्या उपकरणांची बेरीज ३५०० वॉटच्या आत राहील असे पाहा. शेगडीसोबत किटली चालेल, पण मग मायक्रोवेव्हने थांबावे. नवी सर्किटे घेण्याआधी घराचा मंजूर भार आणि मुख्य स्विचची क्षमता पुरेशी आहे ना, हेही पाहून घ्यावे लागेल. पुढेमागे ओट्यात बसवायची चार चुलींची विजेची शेगडी घेण्याचा विचार असेल, तर ती सुमारे ७ किलोवॉटची म्हणजे ३० अँपिअरच्या घरातली असू शकते. तिला प्लग नसतो. साधारण ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच अशी जोडणी तिला लागते, आणि नेमके आकडे तिच्यासोबतच्या सूचनापत्रातूनच घ्यावेत.

प्रश्न : अनवाणी असताना फ्रीजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर मंद उजळतो. शेजारच्या एका जाणकारांनी सांगितले की सॉकेटमधील अर्थची जागा न्यूट्रलला जोडली की हे थांबते. सध्या आम्ही फ्रीजसमोर रबराची चटई टाकली आहे.

उत्तर : तो सल्ला कृपया मुळीच अमलात आणू नका. माझ्याकडे आलेल्या सगळ्या पत्रांत मला सर्वाधिक काळजी याच पत्राची वाटली.

झिणझिण्या कुठून येतात ते आधी पाहू. आजकालच्या फ्रीजमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये आणि इंडक्शन शेगडीत इलेक्ट्रॉनिक भाग असतात, आणि त्यांच्यामुळे होणारा विद्युत गोंगाट बाहेर पसरू नये म्हणून फेज व न्यूट्रल यांच्यापासून उपकरणाच्या धातूच्या अंगापर्यंत लहान कपॅसिटर लावलेले असतात. अर्थिंग ठीक असेल तेव्हा त्यांतून येणारा किंचितसा प्रवाह मुकाट्याने अर्थच्या वायरने निघून जातो. अर्थिंग तुटले की त्याला वाट उरत नाही आणि फ्रीजच्या अंगावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब येऊन राहतो. त्यामागचा प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाएवढाच असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागते. दुसरी शक्यता अशी की आतले इन्सुलेशन खरोखरच कमजोर झाले आहे आणि हीच गळती उद्या वाढणार आहे. बाहेरून या दोन्हींत फरक करता येत नाही, आणि दोन्हींचा अर्थ एकच निघतो : त्या सॉकेटचे अर्थिंग काम करत नाही. चटईमुळे तुमचे पाय वाचतील, पण एका हाताने फ्रीजचे दार आणि दुसऱ्या हाताने नळ धरला तर चटईचा काहीही उपयोग होणार नाही.

आता न्यूट्रलचे. अर्थची जागा न्यूट्रलला जोडली की झिणझिण्या थांबतात हे खरे आहे, आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे. पण न्यूट्रल ही प्रवाह परत नेणारी वायर आहे, आणि ती बोर्डात, जंक्शनमध्ये किंवा डीबीत कुठेही सैल होऊन सुटू शकते. ज्या क्षणी ती सुटेल त्या क्षणी फेजकडून फ्रीजच्या आतून आलेला दाब न्यूट्रलच्या त्या तुटक्या टोकापाशी अडेल आणि तुमच्या जोडामार्गे थेट फ्रीजच्या अंगावर येईल. तेव्हा तिथे पूर्ण २३० व्होल्ट असतील, मागचा प्रवाह अंशाचा नसेल, फ्रीज बंद पडलेला असेल, आणि तो का बंद पडला हे पाहण्यासाठी घरातले कोणीतरी त्याला हात लावणारच. अर्थ पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपला बांधण्याची युक्तीही तितकीच वाईट आहे, कारण मग एका उपकरणातील दोष घरभरच्या नळांपर्यंत पोहोचतो.

परवानाधारक वायरमनला बोलावून त्या सॉकेटपासून डीबीपर्यंत आणि डीबीपासून जमिनीतील अर्थ इलेक्ट्रोडपर्यंत वायर सलग आहे ना, हे तपासून घ्या. बहुतेक वेळा दोष सॉकेटच्या मागेच सापडतो : अर्थची वायर आणलेली असते पण पिनेला जोडलेलीच नसते, किंवा गंजून सुटलेली असते. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असा निष्कर्ष काढू देऊ नका. मल्टिमीटर अगदी नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे केसभर तारेवर टिकलेले अर्थिंगसुद्धा त्याला उत्तम वाटते. अर्थ लूपचा रोध मोजणारे वेगळे यंत्र असते, त्याने मोजायला सांगा. दुरुस्ती होईपर्यंत फ्रीजचा प्लग काढून ठेवणे हेच बरे.

प्रश्न : नव्या ओव्हनचा प्लग जाड पिनांचा आहे आणि ओट्यावर बारीक पिनांचेच सॉकेट आहे. कन्व्हर्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डवरून ओव्हन चालवता येईल का? शिवाय आमच्या मिक्सरचा प्लग दोनच पिनांचा आहे. त्याला अर्थ नाही, मग तो धोकादायक समजायचा का?

उत्तर : जाड पिन बारीक सॉकेटमध्ये जात नाही हा गैरसोयीचा भाग नसून जाणूनबुजून घातलेला अटकाव आहे. बारीक पिनांचे सॉकेट ६ अँपिअरचे, म्हणजे १३८० वॉटपर्यंतचे असते. जाड पिनांचे १६ अँपिअरचे, म्हणजे ३६८० वॉटपर्यंतचे. तुमचा ओव्हन २००० वॉटचा असेल तर त्याला पावणेनऊ अँपिअर लागतात. कन्व्हर्टर पिनेचा आकार बदलतो. मागची बारीक वायर आणि सॉकेटमधील पितळेच्या नाजूक पट्ट्या तशाच राहतात. एक्स्टेन्शन बोर्डचेही तसेच आहे. त्याच्या मागे लिहिलेला अँपिअरचा आकडा वाचा, आणि तो १६ पेक्षा कमी असेल तर किटली, ओव्हन, शेगडी किंवा टोस्टर यांपैकी काहीही त्यावर लावू नका. वेटोळे करून ठेवलेली एक्स्टेन्शनची वायर तर अधिकच तापते, कारण आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नाही. ओव्हनसाठी डीबीपासून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या.

मिक्सरच्या मागच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा लहान चौकोन असे चिन्ह शोधा. ते असेल तर उपकरणाला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि त्याला अर्थची गरज नाही. दोन पिना तिथे योग्यच आहेत. चिन्ह नसेल आणि अंग धातूचे असेल तर तीन पिनांचा प्लग हवाच. यावरून एक सवय आठवते, जी मी फार घरांत पाहिली आहे : सॉकेटच्या झडपा उघडाव्यात म्हणून अर्थच्या छिद्रात पेन खुपसायचे आणि दोन पिना आत ढकलायच्या. त्या झडपा लहान मुलांच्या बोटांसाठी बसवलेल्या असतात. अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती सर्वांत आधी टेकते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते, आणि फेज जोडलेली असताना उपकरण एक क्षणभरही अर्थशिवाय राहत नाही. ती पिन कापून किंवा वाकवून प्लग बसवला की हे सारे वाया जाते.

प्रश्न : किटलीचे सॉकेट एका छिद्राभोवती तपकिरी झाले आहे. कधीकधी जळकट वास येतो. एमसीबी मात्र एकदाही पडला नाही, म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. हे बरोबर आहे का?

उत्तर : ते सॉकेट आजपासून वापरू नका. एमसीबी पडला नाही यातून तुम्ही जो दिलासा घेतला, तो इथे लागू होत नाही.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरातील असेच एक सॉकेट मी मुख्य स्विच बंद करून उघडले. बाहेरून न्यूट्रलच्या छिद्राची कड तेवढी तपकिरी दिसत होती. आत न्यूट्रलच्या वायरीचे काळे आवरण बोटभर लांबीपर्यंत कडक झालेले होते आणि वायर जराशी वाकवताच वाळक्या सालीसारखे तडकून गळून पडले. पिन धरणाऱ्या पितळेच्या पट्ट्या निळसर-काळ्या पडल्या होत्या. त्यांची पकड इतकी गेली होती की प्लग स्वतःच्या वजनाने खाली झुकत असे, आणि ते घरात सगळ्यांनी पाहिलेलेही होते. स्क्रूवर पेचकस ठेवला तर जवळजवळ दीड फेरा तो नुसताच फिरला, मग कुठे त्याने वायर पकडली. पाच-सहा तारा तर स्क्रूच्या बाहेरच मोकळ्या राहिल्या होत्या.

तिथे काय घडत होते त्याचा हिशेब सोपा आहे. २००० वॉटची किटली सुमारे ९ अँपिअर घेते. सैल जोडाच्या जागी ०.३ ओहम एवढाच रोध निर्माण झाला, तरी तिथे ९ गुणिले ९ गुणिले ०.३ म्हणजे २४ वॉट उष्णता तयार होते. डाग देण्याची लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे किटली चालू असेपर्यंत सॉकेटच्या बंद खोक्यात एक सोल्डरिंग आयर्न तापत ठेवल्यासारखेच आहे. एमसीबीला याची चाहूल लागणे शक्य नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नाही. उलट जादा रोधामुळे तो किंचित कमीच झालेला असतो. आरसीसीबीलाही (प्रवाह जमिनीत गळू लागला की पुरवठा तोडणाऱ्या स्विचलाही) कळत नाही, कारण प्रवाह कुठे गळत नाही. सैल जोडावर डीबीतल्या कोणत्याही उपकरणाचा पहारा नसतो, आणि एकदा तापलेला जोड तापण्या-निवण्याने आणखी सैल होत जातो, पृष्ठभागावर गंज धरतो आणि अधिकच तापतो. तिथे तुमचे नाक, डोळे आणि हात यांवरच भिस्त ठेवावी लागते.

म्हणून सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. जळलेल्या सॉकेटमध्ये नवा प्लग घातला की तोही खराब होतो, आणि नव्या सॉकेटमध्ये जुना काळवंडलेला प्लग घातला की सॉकेट खराब होते. कडक झालेला वायरीचा भाग तांबे चकचकीत दिसेपर्यंत कापून टाकावा लागतो. बारीक तारांच्या वायरीला टोकाला योग्य मापाची थिंबल (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबून मगच ती स्क्रूखाली घ्यावी. काही कारागीर त्या तारांना कथिल लावून एकत्र करतात. दिसायला ते नीटनेटके दिसते, पण कथिल मऊ असल्याने स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते आणि काही महिन्यांत जोड पुन्हा सैल होतो. जुन्या घरात अॅल्युमिनियमची वायर असेल तर ती तांब्याच्या वायरीला नुसती पिळून कधीही जोडू देऊ नका. आणि यापुढे किटली किंवा शेगडी अर्धा तास चालल्यावर स्विच बंद करून, प्लग काढून, कोरड्या हाताने प्लगच्या अंगाला स्पर्श करून पाहत जा. कोमट लागला तर ठीक. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर आत काहीतरी सैल झालेले आहे.

प्रश्न : पावसाळ्यात बरेच महिने बंद असलेला ओव्हन लावला की आरसीसीबी पडतो. वायरमन म्हणाले की तो फार नाजूक आहे, काढून टाकू. तो खरोखरच आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक आहे, आणि स्वयंपाकघरात सर्वाधिक. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो, आणि दोहोंत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह तिसऱ्याच वाटेने जमिनीत जाऊ लागला, की पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात. माणसाला साधारण १ मिलिअँपिअर जाणवतो, १० च्या पुढे हाताचे स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि ३० च्या वर प्रवाह काही काळ वाहत राहिला तर हृदयाचा ठोका विस्कटू शकतो. ३० मिलिअँपिअरला ०.३ सेकंदाच्या आत आणि १५० ला ०.०४ सेकंदाच्या आत त्याने तोडायचे असते. एमसीबीला या आकड्यांची दखलच नसते. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर.

तुमच्या ओव्हनमध्ये बहुधा ओल शिरली आहे. तापणाऱ्या नळीत तार आणि बाहेरचे आवरण यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते, आणि नळीची टोके नीट बंद नसतील तर ती हवेतील ओलावा शोषून घेते. दुरुस्ती केंद्रात इन्सुलेशनचा रोध मोजून, नळी वाळवून किंवा बदलून हे ठीक होते. आरसीसीबी वगळून ओव्हन चालवून तो वाळवणे हा उपाय नव्हे. नक्की कोणते उपकरण दोषी आहे अशी शंका असेल तर सगळ्यांचे प्लग सॉकेटमधून बाहेर काढा आणि एकेक करून लावा. नुसते स्विच बंद करून भागत नाही, कारण साधा स्विच न्यूट्रल तोडत नाही आणि न्यूट्रलकडून अर्थला होणारी गळतीही आरसीसीबीला पाडते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, म्हणून अनेक उपकरणांच्या थोड्याथोड्या गळत्यांची बेरीज होऊनही तो पडतो. अशा वेळी स्वयंपाकघरासाठी वेगळा आरसीसीबी घ्यावा. नवे काम झाल्यानंतरच पडू लागला असेल तर दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत का ते आधी पाहायला सांगा.

दोन गोष्टी मात्र त्याच्याकडून होत नाहीत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलेल्या माणसाला तो वाचवू शकत नाही, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह तेव्हाही सारखाच असतो. आणि अर्थिंग नसलेल्या घरात तो पडतो खरा, पण उपकरणाच्या अंगावर आलेला दाब कोणीतरी स्पर्श करेपर्यंत तसाच थांबून राहतो. अर्थिंग असेल तर दोष निर्माण होताच, हात लागण्याआधी, पुरवठा तुटतो. त्याच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबत जा. दाबूनही पडला नाही तर तो बदला.

प्रश्न : वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह किंवा इंडक्शन शेगडी चालेल का?

उत्तर : नाही. घरगुती इन्व्हर्टर बहुधा १००० व्हीएच्या आसपासचे असतात आणि या उपकरणांची भूक त्याहून मोठी असते. इन्व्हर्टरच्या सर्किटवर दिवे, पंखे आणि फार तर पाणी शुद्ध करणारे यंत्र ठेवा.

प्रश्न : स्विच बंद असतानाही सॉकेटच्या एका छिद्रात टेस्टर उजळतो. उपकरणे नीट चालतात. हा दोष आहे का?

उत्तर : होय. तिथे स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला आहे किंवा दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. उपकरण बंद होते, पण फेज त्याच्या आतपर्यंत येऊन उभी असते. टोस्टरमध्ये अडकलेला तुकडा कोणी सुरीने काढायला गेले तर स्विच बंद असूनही जीवघेणा धक्का बसू शकतो. जोडणी दुरुस्त करून घ्या, दहा मिनिटांचे काम आहे. आणि दुरुस्तीनंतरही टोस्टर, मिक्सर किंवा ओव्हन पुसण्याआधी प्लग सॉकेटमधून बाहेर काढण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावा, मुलांनाही.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण चालू आहे आणि भिंतींचे प्लास्टर पुढच्या आठवड्यात होईल. त्याआधी विजेच्या दृष्टीने काय पाहून घ्यावे?

उत्तर : वेळेवर विचारलेत. सॉकेट शेगडीच्या वर किंवा सिंकच्या वर येऊ देऊ नका. शेगडीवरून हात नेऊन प्लग काढावा लागणे आणि नळाचे शिंतोडे सॉकेटवर उडणे, दोन्ही टाळायला हवे. प्रत्येक मोठ्या उपकरणाला त्याचे स्वतःचे सॉकेट, त्याच्या वायरीच्या लांबीत. फ्रीज, डिशवॉशर अशा उपकरणांचे सॉकेट त्यांच्या मागे न ठेवता शेजारच्या कपाटात ठेवा, म्हणजे प्लग काढण्यासाठी फ्रीज ओढावा लागणार नाही. आज गरज वाटत नसली तरी एक जादा पाइप डीबीपासून ओट्यापर्यंत रिकामा टाकून ठेवा.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी स्वतः उभे राहून तीन गोष्टी बघा : प्रत्येक खोक्यात हिरवी अर्थची वायर पोहोचली आहे का, पाइपच्या आत कुठे जोड दिलेला नाही ना, आणि डीबीतील प्रत्येक एमसीबीखाली तो कोणत्या सॉकेटचा आहे हे लिहिले आहे का. मग प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घ्या, मोजपट्टी भिंतीला लावून, जमिनीपासूनची उंची आणि कोपऱ्यापासूनचे अंतर वाचता येईल असे, आणि त्यांची एक छापील प्रत डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. काही वर्षांनी फळी लावण्यासाठी कोणी ड्रिल घेऊन आले की आधी ते दार उघडा.